भरताच्या धुराआधी लाइट बिल काढा

भुसावळ तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय, चांगलं चार पानी आहे म्हणून थोडक्यात सांगते. घरात चौघं, ताई, त्यांचे मिस्टर, सासूबाई आणि नववीतला मुलगा. मोठी मुलगी पुण्याला इंजिनिअरिंगला. मुलाला शाळेतून प्रोजेक्ट मिळाला, आपल्या घराचा कार्बन फूटप्रिंट, म्हणजे घराच्या वापरातून हवेत किती कार्बन डायऑक्साइड जातो तो हिशोब, काढून आणा, आणि तेव्हापासून घरात रोज वाद. मिस्टरांनी ठरवलंय यंदा उन्हाळ्याआधी एसी घ्यायचाच, मुलगा म्हणतो एसी आला तर मी त्या खोलीत पाऊल टाकणार नाही. त्यात मागच्या रविवारी सासूबाईंनी अंगणात भरताची वांगी भाजायला कपाशीच्या काड्या पेटवल्या तर हा पाण्याची बादली घेऊन धावला, आजी किती कार्बन सोडतेस म्हणून. सासूबाई दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत, मग एवढंच म्हणाल्या, "हाई काय नवीनच शे?" ताई विचारतात, कोण खरं, आमच्या घराचा कार्बन म्हणजे नक्की किती, आणि एसी घ्यायचा का नाही. पत्रासोबत वर्षभराची लाइट बिलं, गॅसचा आणि पेट्रोलचा हिशोब पण लिहून पाठवलाय, त्याबद्दल ताई तुमचे खरंच आभार, कारण त्याशिवाय सल्ला म्हणजे हवेतल्या गप्पा.

ताई, आधी सासूबाईंची बाजू घेते.

कपाशीची काडी म्हणजे काय, तर जूनमध्ये लावलेल्या झाडानं पाच-सहा महिने हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतला आणि त्याचंच लाकूड केलं. ती जाळली की तोच कार्बन परत हवेत गेला, आणि पुढच्या जूनला पुन्हा कपाशी लागली की पुन्हा ओढला जाणार. गेल्या वर्षीचाच कार्बन फिरतोय. कोळसा, पेट्रोल, गॅस यांचं तसं नाही, त्यांच्यातला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीखाली गाडलेला होता, तो आपण वर काढतो आणि जाळतो, आणि त्याला परत खाली जायला रस्ता नाही, बराचसा वरच साठत राहतो. दुनिया तापतेय ती मुख्यतः या जुन्या कार्बननं. त्यामुळं आजीच्या काड्या आणि बाबांच्या गाडीतलं पेट्रोल एका तराजूत तोलायचंच नाही, आणि तसंही कपाशी उपटल्यावर त्या काड्या बांधावर ढीग करून पेटवल्या जातातच ना, त्यापेक्षा त्यावर वांगी भाजलेली काय वाईट.

पण धुराचं मात्र वेगळं आहे आणि इथं मी सासूबाईंनाही सोडणार नाही. धुरातली बारीक काजळी फुप्फुसात जाते, डोळे जातात, आणि काजळी स्वतःही उष्णता धरते. रोज सकाळ-संध्याकाळ बंद स्वयंपाकघरात चूल पेटवणाऱ्या बायका आयुष्यभर हे ओढत आल्या. तुमच्या मागच्या पडवीत आंघोळीच्या पाण्याचा बंब आहे असं लिहिलंय, तो थंडीत रोज पेटतो, त्याची मला भरतापेक्षा जास्त काळजी वाटते. त्याच्यावर पुढं येते. अंगणात, मोकळ्या हवेत, हिवाळ्यात पाच-सहा वेळा भरीत होणार, ती लांबट हिरवी-पांढरी वांगी, जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, ती गॅसच्या जाळीवर भाजून बघा, साल जळतं आणि आतला गर कच्चा राहतो. काडीच्या जाळाची चव त्याला येत नाही. काड्या फक्त खडखडीत वाळलेल्या घ्या, ओलसर काडीच जास्त धुरते. आणि मुलानं आजीची माफी मागावी, हे मी अगदी मनापासून सांगतेय.

आता मुलाची बाजू. त्याचा प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे, फक्त बोट चुकीच्या जागी ठेवलं. त्याच्या मोबाईलमधला कॅल्क्युलेटर बाहेरच्या देशातल्या घरांसाठी केलेला दिसतो, तो विचारतो घर गरम ठेवायला काय जाळता, वर्षातून विमानात किती वेळा बसता. आपला प्रश्न घर थंड ठेवायचा आहे. तो कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा आणि त्याला एक वही द्या. चार आकडे पुरतात. आपल्या ग्रिडवरची एक युनिट वीज म्हणजे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. १४.२ किलोची गॅसची टाकी जळून संपली की सुमारे ४२ किलो. एक लिटर पेट्रोलचे २.३ किलो, डिझेलचे २.७. मुलं इथं हमखास विचारतात की लिटरभर पेट्रोल एक किलोचंही नसतं मग त्यातून सव्वादोन किलो कसं निघतं, तर जळताना त्यातला कार्बन हवेतला ऑक्सिजन जोडून घेतो, वजन त्या ऑक्सिजनचं वाढतं.

तुमच्याच आकड्यांवर करून दाखवते. वर्षाची वीज २४०० युनिट, म्हणजे १६८० किलो. गॅसच्या ९ टाक्या, ३७८ किलो. मिस्टरांची मोटरसायकल रोज तीस किलोमीटर, वर्षाला तीनशे दिवस, ४५ चा अॅव्हरेज धरला तर २०० लिटर, ४६० किलो. गाडी वर्षाला पाच हजार किलोमीटर चालते आणि त्यातले ३४०० तर पुण्याच्या चार खेपांचे, १६ च्या अॅव्हरेजनं एकूण ३१२ लिटर, ७१८ किलो झाले. बेरीज ३२३६ किलो, माणशी आठशेच्या वर. यात तुम्ही खाता ते धान्य-दूध, कपडे, घर बांधताना लागलेलं सिमेंट-लोखंड काहीच धरलेलं नाही. सगळं, म्हणजे देशातले कारखाने वगैरे धरून भारतात माणशी वर्षाला साधारण दोन टन पडतं, जगाची सरासरी पावणेपाच टनांच्या आसपास आणि अमेरिकेत चौदाच्या घरात. म्हणजे तुमचं घर काही पृथ्वी बुडवायला निघालेलं नाही, मुलाला हे नीट समजावून सांगा, पोरं या वयात फार मनाला लावून घेतात आणि रात्र रात्र विचार करत बसतात.

पण या बेरजेत बघा, निम्म्याहून जास्त एकटी वीज आहे. तुम्हीच लिहिलंय की गच्चीवरून दीपनगरच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. तिथं एक युनिट वीज बनवायला अर्धा किलोहून जास्त कोळसा जातो. तुमच्या बटणाचा धूर तिथून निघतो, एवढाच फरक, आणि तो अंगणात दिसत नाही म्हणून त्याच्यावर कोणी बादली घेऊन धावत नाही.

आणि ती वीज जाते कधी? तुमची बिलं मांडली तर एप्रिल, मे, जून या तीन महिन्यांतच १०२० युनिट आहेत, वर्षाच्या चाळीस टक्क्यांहून जास्त. म्हणजे तुमच्या घराचा कार्बन हा बऱ्यापैकी आपल्या उन्हाळ्याचा कार्बन आहे. ४५ च्या पुढं पारा गेला की भुसावळमध्ये माणूस काय करतो ते मला सांगायला नको. म्हणून मी पंखे बंद करा, दिवे कमी लावा असलं काही सांगणार नाहीये, घरात येणारी उष्णता कमी करा एवढंच सांगते, कारण सगळी वीज तिच्याशीच भांडण्यात जाते.

जुनी धाब्याची घरं आठवा. मातीच्या हात-दीड हात जाडीच्या भिंती, वर मातीचं छत, लहान खिडक्या, भर मे महिन्यात दुपारी आत शिरलं की जीव शांत व्हायचा आणि रात्री धाब्यावर बाजा टाकून झोपायचं. ते पाडून आपण सिमेंटचा स्लॅब टाकला. हा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी सात-आठपासून पहाटेपर्यंत ते खोलीत सोडत राहतो. आमच्या जळगावच्या घरी मी एकदा मे महिन्यात रात्री अकरा वाजता स्टुलावर चढून छताला तळहात लावला होता, भाकरी उतरवल्यावर तवा थोडा निवल्यावर कसा लागतो तसा लागला, आणि त्याखाली पंखा फुल्ल स्पीडवर, म्हणजे तो गरम हवाच खाली ढकलत होता. दुसऱ्या वर्षी गच्चीला चुना मारला. पांढरा रंग ऊन परत फेकतो, खोलीत दोन-चार डिग्रीचा फरक पडतो, आणि ऐन रात्री तो फरक झोप लागणं न लागणं एवढा असतो. चुना रात्रभर भिजवून, गाळून, त्यात थोडं व्हाइट सिमेंट आणि फेव्हिकॉल घालून दोन हात मारायचे, दुसरा हात पहिला वाळल्यावर आडवा. फेब्रुवारी अखेरीस किंवा मार्चच्या सुरुवातीला, ऊन कलल्यावर, आधी गच्ची खराट्यानं झाडून धुऊन. दिवसा गच्चीवर जाताना डोळ्यांना त्रास होतो आणि पावसाळ्यात तो धुपतो, दरवर्षी मारावा लागतो, पण खर्च एसीच्या हप्त्यासमोर काहीच नाही. जास्त टिकणारे कूल रूफचे पेंटही मिळतात, महाग पडतात. पश्चिमेच्या भिंतीला दुपारनंतर थेट ऊन लागत असेल तर तिथं नर्सरीवाले वापरतात ती हिरवी शेडनेट बांधा, भिंतीपासून हातभर लांब, मधून हवा जायला पाहिजे.

कूलर तुमच्याकडं आहेच. एप्रिल-मेमध्ये आपली हवा कोरडी असते म्हणून आपल्याकडं कूलर जसा चालतो तसा कोकणात कधी चालणार नाही. मोठा कूलर २०० वॅट धरा, रोज दहा तास, तीन महिने, १८० युनिट. दीड टनाचा फाइव्ह स्टार एसी रोज रात्री आठ तास चालवला तर त्याच तीन महिन्यांत साधारण ७०० युनिट, म्हणजे ४९० किलो. तुमच्या आख्ख्या वर्षाच्या गॅसपेक्षा जास्त, एका खोलीसाठी, एका उन्हाळ्यात. आणि बिलाचंही तेच, युनिट वरच्या टप्प्यात गेले की त्या टप्प्याचा दर वेगळा लागतो, ते मिस्टरांना नक्की सांगा. कूलरचं खरं दुखणं पाणी, दिवसाला दोन-तीन हंडे सहज पितो आणि आपल्याकडं मे महिन्यात नळ किती दिवसांनी येतो ते सगळ्यांना माहितीये. तर धुण्याचं शेवटचं पाणी बाजूला ठेवून वापरलं तरी चालत नाही, साबणानं पॅड खराब होतात, कूलरला साधं पाणीच लागतं. म्हणून तो फक्त झोपायच्या खोलीत, खिडकीत बाहेरच्या बाजूला लावायचा आणि समोरची खिडकी बोटभर उघडी ठेवायची, बंद खोलीत कूलर लावला की दमट होतं आणि मग लोक म्हणतात कूलर काही कामाचा नाही.

पंख्याचं पटकन सांगते. जुना पंखा ७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा, तीसच्या आसपास, वारा तेवढाच. अडीच-तीन हजाराला येतो. घरातले सगळे बदलू नका, जे सगळ्यात जास्त फिरतात ते दोनच बदला, तुमच्या वापरानं वर्षाला पावणेतीनशे युनिट वाचतील.

मुलाच्या प्रोजेक्टला एक काम देते, ते तो आवडीनं करेल. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो, आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकणार ते मीटरवरच छापलेलं असतं, ३२०० वगैरे. घरातलं सगळं बंद करायचं आणि एकच वस्तू चालू ठेवून घड्याळ लावून एक मिनिट मोजायचं. समजा दहा वेळा लुकलुकला, तर तासाला सहाशे, सहाशेला ३२०० नं भागलं की ०.१९, म्हणजे ती वस्तू १९० वॅट खाते. फ्रिज, कूलर, मिक्सर, पाण्याची मोटर, सगळ्यांची अशी जन्मपत्रिका निघते. सेट टॉप बॉक्सची मोजायला विसरू नका, टीव्ही बंद असला तरी तो चालूच असतो, दहा वॅट धरले तरी वर्षाला ८५-८८ युनिट नुसते बसून खातो. फ्रिजच्या दारात दहाची नोट अडकवून ओढून बघा, सहज निघाली तर रबर गेलंय, ते बदलून मिळतं.

आता बंब. त्याच्याऐवजी थंडीत चौघांच्या आंघोळीला गिझर लावला तर दिवसाला दोन-अडीच युनिट, मोसमाला अडीचशे-तीनशे. गॅस गिझरला कार्बन कमी आहे पण तो बंद बाथरूममध्ये लावणं जिवावरचं काम आहे, त्यातून विषारी कार्बन मोनॉक्साइड साचतो, तो बाहेरच्या भिंतीलाच पाहिजे. आपल्याकडं डिसेंबरातही लख्ख ऊन असतं, त्यामुळं माझं मत सोलर वॉटर हीटरला, आणि बंब आठवण म्हणून घासूनपुसून ठेवा, तांब्याचा असेल तर विकू नका.

सोलरचं निघालंच आहे तर गच्चीवरच्या पॅनलचं पण बोलू. २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली, त्यात दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, जास्तीत जास्त ७८ हजार सबसिडी. एक किलोवॅट आपल्या उन्हात सरासरी दिवसाला चार युनिट देतो आणि जागा घेतो शंभर चौरस फूट. तुमचा २४०० चा वापर दोन किलोवॅटमध्ये आरामात बसतो, ६० हजार सबसिडी मिळते. नेट मीटर लागला की दुपारची जास्तीची वीज महावितरणकडं जाते आणि रात्रीच्या वापरातून वजा होते. शिवाय पॅनलची सावली स्लॅबवर पडते ती वेगळीच. धूळ मात्र आपल्याकडं भयंकर, आठ-पंधरा दिवसांनी सकाळी गार असताना पॅनल पुसावे लागतात, तापलेल्या काचेवर गार पाणी ओतायचं नाही. मे महिन्यात ऊन जास्त म्हणून वीजही त्याच प्रमाणात जास्त असं होत नाही, पॅनल फार तापला की उलट थोडा कमी देतो, तेव्हा विकणाऱ्यानं वाट्टेल ते आकडे सांगितले तर विश्वास ठेवू नका. पॅनल बसले की पाण्याची मोटर, वॉशिंग मशीन, घरघंटी सगळं दुपारी.

स्वयंपाकाचं तुम्ही विचारलंय की गॅस सोडून इंडक्शन घ्यायचं का. पॅनल नसतील तर नको. कोळशाच्या विजेवर तेवढाच स्वयंपाक केला तर कार्बन गॅसपेक्षा जास्तच पडतो, जवळजवळ दुप्पट. पॅनल बसल्यावर दुपारच्या वरणाला, दुधाला जरूर वापरा. बाकी तुमचं ताट बघितलं तर मला सांगण्यासारखं काही नाही, दादर ज्वारीची भाकरी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, शेजारच्या शेतातली केळी, ठिबकवरची भाजी. भातशेतीत पाणी साचून मिथेन हा उष्णता धरणारा वायू निघतो, तो आपल्या ज्वारी-बाजरीत नाही. ओला कचरा तेवढा गाडीत देऊ नका, परसात खड्डा करा, आणि पालापाचोळा पेटवणं बंद.

पुण्याच्या खेपांवर मिस्टर चिडतील पण लिहिते. तुमचं राहणं भुसावळसारख्या जंक्शनजवळ, लोक रेल्वेसाठी तडफडतात. चार खेपांतल्या तीन रेल्वेनं केल्या तर साडेतीनशे किलो वाचतात, वर मिस्टरांची कंबर. सामान असेल त्या वेळी गाडी न्या. आणि मोटरसायकल बदलायला आली की इलेक्ट्रिक बघा, रोजचं तीस किलोमीटर तिला सहज जमतं, आणि कोळशाची वीज धरली तरी किलोमीटरमागे कार्बन पेट्रोलच्या निम्म्याच्या आसपास पडतो. आत्ता चांगली चालती गाडी मोडीत काढून घेऊ नका, नवीन गाडी बनायलाही कार्बन लागतोच.

राहिला एसी. मिस्टरांशी भांडू नका, त्यांना एवढंच म्हणा की यंदा आधी चुना, शेडनेट, दोन पंखे, आणि पंधरा मेपर्यंत थांबू. मुलानं रोज रात्री दहाला आणि सकाळी सहाला मीटर लिहायचा, आणि भिंतीवर एक साधा थर्मामीटर टांगायचा. एवढं करूनही खोली रात्री तापतच राहिली, तर एसी घ्या. हो, घ्या. सासूबाई सत्तरीच्या आहेत, त्यांना बीपी आहे असं तुम्ही लिहिलंय, आणि उष्माघात म्हाताऱ्या माणसाला रात्रीच्या झोपेतही गाठतो. फाइव्ह स्टार घ्या, एकाच खोलीत, २६ वर ठेवून वर पंखा हळू लावायचा, आणि चौघांनी त्याच खोलीत अंथरुणं टाकायची. बसवणारा माणूस चांगला बघा, पाइपचे जोड नीट नसले की आतला गॅस गळतो, आणि हा गॅस किलोला किलो धरला तर कार्बन डायऑक्साइडच्या कित्येकशे पट उष्णता धरतो, म्हणून दर वर्षी गॅस भरायला कोणी येत असेल तर आधी गळती कुठं आहे ते शोधायला लावायचं.

आणि मे महिन्यातल्या ज्या रात्री सासूबाईंचा जीव घाबरा होईल त्या रात्री कोणी वही काढायची नाही. एसी लावा, दार लावून घ्या, त्यांना झोपू द्या. सहा वाजता मुलगा मीटर लिहायला उठेलच.